रासायनिक नांवें वाचावीं कशीं व आकृत्या काढाव्या कशा?

औषधाचा डबा किंवा बाटली ज्याच्या घरीं येत नाहीं असा बागाईतदार आज क्वचितच आढळेल. डब्याच्या लेबलावर मोठ्या अक्षरांत एक व्यापारी नांव असतें आणि त्याखालीं बारीक अक्षरांत दुसरें एक लांबलचक नांव असतें. पहिलें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. दुसरें बहुधा कोणी वाचीत नाहीं. वास्तविक पाहतां शेतांत काम करतें तें दुसऱ्या नांवाचें द्रव्य होय. पहिलें नांव विक्रेत्यानें आपल्या सोयीसाठीं ठेवलेलें असतें व तें तो पाहिजे तेव्हां बदलूं शकतो. त्यामुळें एकच द्रव्य दोन नांवांनीं दोनदां विकत घेणें, औषध बदललें अशा समजुतीनें तेंच औषध पुन्हां फवारणें, आणि विषबाधेच्या प्रसंगीं डॉक्टरांनीं “काय फवारलें होतें?” असें विचारल्यावर निरुत्तर होणें, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे वारंवार घडतात.

बारीक अक्षरांतील तें नांव मनास येईल तसें ठेवलेलें नसतें. तें पदार्थाच्या रचनेचें वर्णन असतें. नांवावरून आकृति काढतां येते आणि आकृतीवरून नांव सांगतां येतें. शेताच्या सात-बाराच्या उताऱ्यावरून ज्याप्रमाणें जमिनीचा गट, आकार व धारक कळतो, त्याचप्रमाणें या नांवावरून पदार्थाचें कूळ, त्याचे अवयव व त्यांच्या जागा कळतात. ही विद्या अवघड आहे अशी समजूत आहे. परंतु तिचीं मूळ तत्त्वें थोडीं आहेत, व ज्यास साधी बेरीज-वजाबाकी येते त्यास तीं सहज साध्य होण्याजोगीं आहेत. त्या तत्त्वांची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

सेंद्रिय म्हणजे काय?

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. शेतींत ‘सेंद्रिय’ म्हटलें म्हणजे शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचें खत असा अर्थ घेतला जातो. रसायनशास्त्रांत मात्र कर्बाच्या संयुगांच्या अभ्यासास सेंद्रिय रसायनशास्त्र असें म्हणतात. या अर्थानें साखर सेंद्रिय, तूप सेंद्रिय, आणि मोनोक्रोटोफॉससारखें जहाल विषही सेंद्रियच. तेव्हां या शास्त्रांत सेंद्रिय याचा अर्थ निर्विष असा होत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पूर्वीं असा समज होता कीं, असे पदार्थ केवळ सजीवांच्या शरीरांतच तयार होतात. व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८२८ सालीं प्रयोगशाळेंत युरिया तयार केला व त्या समजुतीस मोठा धक्का बसला. आपल्या शेतांत आज पडणारा गोणींतील युरिया हा त्याच पदार्थाचा वंश होय. पुढें अशीं संयुगें झपाट्यानें वाढूं लागलीं व नांवांचा गोंधळ माजला. कोणी पदार्थ जेथें सांपडला त्यावरून नांव ठेवी, तर कोणी त्याच्या वासावरून. मुंगीच्या लॅटिन नांवावरून फॉर्मिक आम्ल, व्हिनेगारच्या नांवावरून ॲसेटिक, लिंबाच्या जातीवरून सायट्रिक, सफरचंदावरून मॅलिक, अशीं नांवें पडलीं. हरभऱ्याच्या पानांवर पहांटे जी आंब जमते तींत मॅलिक व ऑक्झॅलिक हीं आम्लें असतात. हीं नांवें गोड असलीं तरी त्यांवरून पदार्थाची रचना कळत नाहीं. म्हणून १८९२ सालीं जिनीव्हा येथें रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली व नांवें ठेवण्याचे नियम ठरविण्यास आरंभ झाला. १९१९ सालीं स्थापन झालेला शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ आजही हे नियम संभाळीत व सुधारीत असतो.

कर्बाचे चार हात

सर्व आकृत्यांचें मूळ एका वाक्यांत सांगतां येईल. कर्बास चार हात आहेत, नत्रास तीन, प्राणवायूस दोन, आणि हायड्रोजन व क्लोरीन यांस प्रत्येकीं एक. कोणाचाही हात मोकळा राहतां कामा नये, आणि कोणासही अधिक हात फुटतां कामा नयेत. हा हिशेब जुळला म्हणजे आकृति बहुतेक बरोबर आली असें समजावें.

आपल्या सोयीसाठीं कर्बास ‘क’, हायड्रोजनास ‘ह’, प्राणवायूस ‘प्र’, नत्रास ‘न’ व क्लोरीनास ‘क्ल’ अशीं अक्षरें घेऊं. छापील पुस्तकांत या जागीं रोमन अक्षरें असतात. कागदावर मध्यें ‘क’ लिहा, त्यापासून चार दिशांस चार रेघा काढा व प्रत्येक रेघेच्या टोकास ‘ह’ लिहा. ही झाली मिथेनची आकृति. गोबरगॅसच्या शेगडींत जळणारा वायु तो हाच. आतां दोन ‘क’ शेजारीं मांडून त्यांना एका रेघेनें जोडा. प्रत्येकाचा एक हात या जोडांत गुंतला, तीन उरले. तेथें तीन-तीन ‘ह’ लिहा. हें इथेन झालें. तीन कर्बांचें प्रोपेन, चारांचें ब्यूटेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरांत मुख्यत्वें हींच दोन असतात.

म्हणजे नांवाचा पहिला भाग हा कर्बांची संख्या सांगतो. एकास मिथ, दोनास इथ, तिनांस प्रोप, चारांस ब्यूट, पांचांस पेंट, सहांस हेक्स, सातांस हेप्ट, आठांस ऑक्ट. हे आठ शब्द पाढ्याप्रमाणें पाठ करावे.

जोडाची खूण

नांवाचा पुढील भाग कर्बांचा आपसांतील जोड कसा आहे तें सांगतो. एकेरी जोडास ‘एन’, दुहेरीस ‘ईन’ व तिहेरीस ‘आइन’. दोन कर्ब एका रेघेनें जोडले तर इथेन. दोन रेघांनीं जोडले तर इथीन. तीन रेघांनीं जोडले तर इथाइन. इथीनमध्यें प्रत्येक कर्बाजवळ दोन ‘ह’ राहतात, इथाइनमध्यें एकच. कारण बाकीचे हात जोडांतच खर्चीं पडले.

हा केवळ अक्षरांचा खेळ नव्हे. इथीन म्हणजेच व्यापारांतील इथिलीन. पिकणारें फळ स्वतःच हा वायु सोडतें, आणि केळीच्या पिकवण-कोठारांत तोच मोजून सोडला जातो. हवेच्या दहा लक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांची मुभा आहे. इथाइन म्हणजे ॲसिटिलीन. कॅल्शियम कार्बाइडवर ओल लागली म्हणजे निघतो तो वायु. त्यानेंही फळास रंग चढतो. परंतु बाजारी कार्बाइडमध्यें सोमल व स्फुरद यांचा विषारी अंश असतो, व फळें पिकविण्यासाठीं त्याचा उपयोग करण्यास कायद्यानें बंदी आहे. आकृतींत एका रेघेचा फरक. पण एक वस्तु कोठारांत चालते व दुसरी चालत नाहीं.

नांवाचें शेपूट

नांवाच्या अगदीं शेवटीं येणारा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पदार्थाचा स्वभाव त्यांत असतो. एखाद्या ‘ह’च्या जागीं ‘प्र—ह’ अशी जोडी आली कीं नांवास ‘ऑल’ हें शेपूट लागतें, व तो पदार्थ मद्यार्काच्या कुळांत जातो. कडेच्या कर्बास एक ‘प्र’ दुहेरी रेघेनें जोडला व एक ‘ह’ राहिला, तर शेपूट ‘आल’ होतें. त्याच कडेच्या कर्बास एक ‘प्र’ दुहेरी रेघेनें व शिवाय ‘प्र—ह’ही जोडलेली असेल, तर ‘ऑइक ॲसिड’ म्हणजे आम्ल होतें. नत्र व दोन ‘ह’ लागले तर ‘अमीन’.

आतां मळीपासून निघणारें इथेनॉल घ्या. ‘इथ’ म्हणजे दोन कर्ब, ‘ऑल’ म्हणजे मद्यार्क. मिथेनॉल म्हणजे एक कर्ब असलेला मद्यार्क. दोहोंचा रंग एक, रूप एक, वासही बराचसा सारखा. आकृति काढून पाहिली तर एका ‘क’चा व दोन ‘ह’चा काय तो फरक. शरीरांत मात्र दोहोंच्या वाटा भिन्न होतात, व त्या नांवांतच दिसतात. इथेनॉलचें इथेनाल होतें व त्याचें इथेनॉइक आम्ल. हें तर व्हिनेगारचेंच आम्ल. मिथेनॉलचें मिथेनाल होतें, ज्यास आपण फॉर्माल्डिहाइड म्हणतों; त्याचें पुढें मिथेनॉइक आम्ल, म्हणजे मुंगीच्या दंशांतील फॉर्मिक आम्ल होतें. हें आम्ल शरीरांत सांचून डोळ्यांच्या मज्जातंतूंचा नाश करतें व प्राणही घेतें. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. ‘मिथ’ व ‘इथ’ यांतील भेद पाठ करण्याजोगा आहे कीं नाहीं, हें यावरून वाचकांनींच ठरवावें.

नांव ठेवण्याचे नियम

कर्बांची सांखळी नेहमीं सरळच असते असें नाहीं. तिला झाडाप्रमाणें फांद्या फुटतात. अशा वेळीं तीन नियम लागू करावे. पहिला, सर्वांत लांब सलग सांखळी शोधून तिला खोड समजावें. दुसरा, ज्या टोकाकडून मोजल्यास शेपटाला, व शेपूट नसल्यास फांदीला, लहान आंकडा मिळतो त्या टोकाकडून खोडाचे कर्ब मोजावे. तिसरा, फांदीच्या नांवास ‘इल’ लावून, तिच्या जागेच्या आंकड्यासह तें खोडाच्या नांवापूर्वीं लिहावें. एका कर्बाची फांदी ती मिथिल, दोहोंची ती इथिल. सारख्याच दोन फांद्या असतील तर ‘डाय’, तीन असतील तर ‘ट्राय’.

उदाहरणादाखल चार कर्बांची आडवी सांखळी काढा व डावीकडून दुसऱ्या कर्बास खालीं एक कर्ब जोडा. खोड चारांचें, म्हणून ब्यूटेन, फांदी एकाची, म्हणून मिथिल, जागा दुसरी. नांव झालें २-मिथिलब्यूटेन. कोणी उजवीकडून मोजून त्यास ३-मिथिलब्यूटेन म्हणेल. तें नियमास धरून नाहीं, कारण आंकडा मोठा झाला. दुसरा कोणी तीनच कर्ब आडवे धरून त्यास २-इथिलप्रोपेन म्हणेल. तेंही चूक, कारण वांकडी दिसली तरी चारांची सांखळी तेथें आहे. सांखळी कागदावर आडवी काढली कीं उभी, यास महत्त्व नाहीं. कोण कोणास जोडलेला आहे यासच महत्त्व आहे. तीन माणसांनीं तीन नांवें दिलीं तरी पदार्थ एकच होता. नियम पाळले म्हणजे नांवही एकच उरतें. बाजारांत एकाच द्रव्याला अनेक नांवें असतांना ही शिस्त किती उपयोगी पडते हें सांगावयास नको.

आकृति काढण्याची एक संक्षिप्त रीतही आहे. दर वेळीं ‘क’ आणि ‘ह’ लिहीत बसण्याऐवजीं करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ काढतात. प्रत्येक कोन व प्रत्येक टोक म्हणजे एक कर्ब समजावयाचा, आणि त्याचे उरलेले हात हायड्रोजनने भरलेले आहेत असें गृहीत धरावयाचें. कर्ब व हायड्रोजन यांवांचून जें कांहीं असेल तेवढें मात्र अक्षरानें लिहावयाचें. पुस्तकांत व माहितीपत्रकांत बहुधा अशाच आकृत्या असतात.

षट्‌कोन आणि २,४-डी

सहा कर्बांची सांखळी वळवून तिचीं टोकें जुळविलीं म्हणजे षट्‌कोन होतो. त्यांत एकाआड एक दुहेरी रेघ दिली म्हणजे बेंझीन. ही आकृति केकुले या जर्मन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं सुचविली. षट्‌कोनाच्या कोपऱ्यांस एक ते सहा असे आंकडे देतात. मुख्य अवयव ज्या कोपऱ्यास लागला असेल तो पहिला.

या आधारावर ऊस, गहूं व ज्वारी यांतील रुंद पानांच्या तणांवर वापरलें जाणारें २,४-डी वाचूं या. त्याचें पूर्ण नांव २,४-डायक्लोरोफेनॉक्सीॲसेटिक ॲसिड. असें नांव उजवीकडून डावीकडे वाचीत यावें. ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगारचें दोन कर्बांचें आम्ल. तें प्रथम काढा. फेनॉक्सी म्हणजे बेंझीनचा षट्‌कोन प्राणवायूच्या दुव्यानें जोडलेला. आम्लाच्या दुसऱ्या टोकाच्या कर्बाचा एक ‘ह’ काढून तेथें ‘प्र’ लावा व त्या ‘प्र’ला षट्‌कोन जोडा. हा जोडाचा कोपरा पहिला. डायक्लोरो म्हणजे दोन क्लोरीन. एक लगतच्या दुसऱ्या कोपऱ्यास व एक अगदीं समोरच्या चौथ्या कोपऱ्यास लावा. आकृति पुरी झाली, व एवढें मोठें नांव तीन तुकड्यांत संपलें.

याच आकृतीच्या पांचव्या कोपऱ्यास आणखी एक क्लोरीन लावला कीं २,४,५-टी तयार होतें. १९६०च्या दशकांत व्हिएतनामच्या युद्धांत या दोहोंचें मिश्रण अरण्यांवर फवारण्यांत आलें. २,४,५-टी तयार करतांना डायॉक्सिन नांवाचें अत्यंत विषारी द्रव्य त्यांत उतरत असे. त्याचे दुष्परिणाम तेथील लोकांस दीर्घकाळ भोगावे लागले, व पुढें अनेक देशांनीं २,४,५-टीवर बंदी घातली. नांवांतील आंकडे हे शोभेसाठीं नसतात, हें दाखविण्यास एवढें उदाहरण पुरे आहे.

२,४-डीच्या नांवामागें येणारा शब्दही वाचला पाहिजे. हें द्रव्य सोडियम सॉल्ट, अमीन सॉल्ट व इथिल एस्टर अशा रूपांत मिळतें. आम्लाच्या शेवटच्या ‘ह’च्या जागीं सोडियम आला तर तें मीठ झालें, तें पाण्यांत विरघळतें व हवेंत उडून जात नाहीं. त्या जागीं इथिल आलें तर एस्टर झालें. त्याची वाफ होते व ती वाऱ्याबरोबर शेजारच्या रानांत जाते. कपाशी व द्राक्ष हीं पिकें २,४-डीला अतिशय हळवीं आहेत. कपाशीवर त्याचा अंश गेला तरी पानें चिंचोळीं होऊन भेंडीच्या पानासारखीं दिसूं लागतात व बोंडें धरत नाहींत. म्हणून शेजारीं कपाशी किंवा द्राक्षबाग असतां एस्टर वापरणें म्हणजे बांधावरचें भांडण ओढवून घेणें होय. तसेंच, रूप कोणतेंही असो, तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा. तोच पंप कपाशीवर नेऊं नये.

युरियाची आकृति व गोणीचा हिशेब

आकृतीचा उपयोग हिशेबासही होतो. युरियाच्या आकृतींत मध्यें एक कर्ब असतो. त्याचे दोन हात एका प्राणवायूंत गुंतलेले, व उरलेल्या दोन हातांस दोन नत्र. प्रत्येक नत्राचा एक हात कर्बाकडे, दोन हातांत दोन हायड्रोजन. आतां वजनें मांडा. कर्बाचें सापेक्ष वजन १२, प्राणवायूचें १६, नत्राचें १४, हायड्रोजनाचें १. बेरीज १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, म्हणजे ६०. त्यांत नत्र २८. अर्थात् शुद्ध युरियांत शेंकडा ४६·६७ नत्र येतें. गोणीवर शेंकडा ४६ लिहिलेलें असतें तें येथून आलें. ४५ किलोच्या गोणींत या प्रमाणानें २०·७ किलो नत्र पडतें. गोणीवरचा आंकडा विश्वासानें मान्य करणें वेगळें व तो स्वतः काढून पाहणें वेगळें.

युरिया तयार करतांना उष्णतेनें त्याचे दोन रेणू एकमेकांस चिकटून त्यांतून अमोनिया निघून जातो व बाययूरेट नांवाचें द्रव्य होतें. ‘बाय’ म्हणजे दोन, हें नांवावरूनच उमगतें. युरियांत तें शेंकडा १·५ हून अधिक नसावें असा खत-नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. संत्री-मोसंबीच्या झाडांस तें विशेष बाधतें. म्हणून त्यांच्या पानांवर युरियाची फवारणी करावयाची असल्यास कमी बाययूरेटचा युरिया पाहून घ्यावा.

कुळाचीं नांवें

कित्येक औषधांचीं शास्त्रीय नांवें दोन-दोन ओळी भरतात. तीं सर्वांस म्हणतां येत नाहींत, म्हणून जगभर मान्य झालेलीं छोटीं सामान्य नांवें त्यांस दिलेलीं आहेत. या छोट्या नांवांच्या शेवटीं बहुधा कुळाची खूण असते. हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल, डायफेनोकोनाझोल या सर्वांच्या शेवटीं ‘कोनाझोल’ आहे. त्यांच्या आकृतींत तीन नत्रांचा एक पंचकोन असतो व बुरशीस मारण्याची त्यांची रीत एकच असते. द्राक्षावरील भुरीसाठीं एकानंतर दुसरें कोनाझोल मारणारा बागाईतदार औषध बदलल्याचें समाधान मानतो. बुरशीच्या दृष्टीनें मात्र कांहींच बदललेलें नसतें, व ती हळूहळू त्या कुळास दाद देईनाशी होते. पालट करावयाचा तर कूळ पालटावें. ‘स्ट्रोबिन’ हें निराळें कूळ. सायपरमेथ्रिनसारखीं ‘थ्रिन’ हें निराळें. इमिडाक्लोप्रिडसारखीं ‘क्लोप्रिड’ हें निराळें.

सर्वांत जपून ओळखावयाचें कूळ ‘फॉस’चें. क्लोरपायरीफॉस घेऊं. त्याचें शास्त्रीय नांव तुकड्यांनीं वाचलें म्हणजे ट्रायक्लोरो, पायरिडिल, डायइथिल व फॉस्फोरोथायोएट असे भाग सुटे होतात. पहिल्या दोहोंचा अर्थ, एक नत्र असलेला षट्‌कोन व त्यास तीन क्लोरीन. डायइथिल म्हणजे दोन-दोन कर्बांच्या दोन फांद्या. ‘थायो’ ही गंधकाची खूण. मध्यभागीं स्फुरद असून येथें त्यास पांच हात असतात. दोन गंधकांत गुंतलेले, आणि तीन हातांस तीन प्राणवायु; त्यांपैकीं एकास तो षट्‌कोन व उरलेल्या दोहोंस इथिलच्या फांद्या. हा स्फुरदाचा मध्य ज्या कीटकनाशकांत असतो तीं किड्याच्या व माणसाच्या मज्जातंतूंवर एकाच रीतीनें घाव घालतात. घाम सुटतो, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, स्नायु फडफडतात व श्वास कोंडतो. यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात; परंतु ‘थ्रिन’च्या बाधेवर तो उतारा नव्हे. म्हणून कूळ कळणें हें उपचाराचें पहिलें पाऊल आहे.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. डायमेथोएट, ॲसिफेट व मॅलेथिऑन यांच्या नांवांत ‘फॉस’ नाहीं, तरी तीं त्याच कुळांतील आहेत. उलट ग्लायफोसेट या तणनाशकांत स्फुरद आहे. परंतु तें वनस्पतींच्या अन्नरचनेवर घाव घालतें, या कुळाप्रमाणें मज्जातंतूंवर नव्हे. अर्थात् शेपूट ही खूण आहे, निकाल नव्हे. शिवाय नांवावरून मात्रा व जहालपणा कळत नाहीं; त्यासाठीं लेबलावरील टक्केवारी व रंगीत त्रिकोण पाहावा. तांबडा त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, व हिरवा सर्वांत सौम्य.

२०१७च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें २० शेतकरी व मजूर मरण पावले. फवारणारा हात पुष्कळदां मालकाचा नसून मजुराचा असतो, व त्यास लेबल वाचतां येतेंच असें नाहीं. तेव्हां ज्यास वाचतां येतें त्याच्यावर दुहेरी जबाबदारी येते. फवारणीपूर्वीं औषधाचें सामान्य नांव व टक्केवारी वहींत लिहून ठेवावी, मजुरास तें सांगावें, आणि दुर्दैवानें बाधा झालीच तर रोग्याबरोबर डबाच दवाखान्यांत न्यावा.

अभ्यास कसा करावा?

हा अभ्यास नुसत्या वाचनानें होत नाहीं. हातानें आकृत्या काढल्यानेंच होतो. रोज एक नांव घ्यावें, त्याचे तुकडे पाडावे, उजवीकडून वाचीत आकृति काढावी, व शेवटीं प्रत्येक अक्षराचे हात मोजावे. नंतर लेबल झांकून आकृतीवरून नांव लिहून पाहावें. घरांतील विद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींस सोबत घ्यावें. त्यांच्या पुस्तकांत हा विषय असतोच, व शिकवितां शिकवितां आपणही शिकतों.

कागद सपाट असल्यामुळें एक गैरसमज होतो, तोही काढून टाकावा. मिथेनचे चार हात कागदावर चौफुलीसारखे दिसतात. खरोखर ते तसे नसतात. ओल्या मातीचे गोळे व तुरीच्या काड्या घेऊन पाहावें. एका मोठ्या गोळ्यांत चार काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतील अशा खोंचाव्या. तीन काड्या तिवईच्या पायांसारख्या खालीं येतात व चौथी सरळ वर जाते. ही कर्बाची खरी ठेवण. दोन गोळे एका काडीनें जोडले तर ते त्या काडीभोंवतीं फिरवितां येतात. दोन काड्यांनीं जोडले तर फिरत नाहींत. एकेरी व दुहेरी जोडांतील हा फरक अशा रीतीनें एका घटकेंत हातास कळतो.

हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या कोठींतील डबे एकदां बाहेर काढावे. व्यापारी नांव, सामान्य नांव, कूळ, टक्केवारी व त्रिकोणाचा रंग अशीं पांच सदरें पाडून त्यांची यादी करावी. कोणते दोन डबे वस्तुतः एकच आहेत, कोणतीं औषधें एका कुळांतील आहेत, व कोणत्या डब्यास लहान मुलाचा हातही लागतां कामा नये, हें त्या एका पानावर दिसेल. दुकानांत जातांना तेंच पान खिशांत ठेवावें, आणि औषध मागतांना व्यापारी नांवानें न मागतां सामान्य नांवानें मागावें, अशी आमची सर्व वाचकांस शिफारस आहे.